मुलाखतीत माणूस निवडतो की आपलाच अंदाज?

टाचणी:
पॅनेलवर बसणाऱ्यांनी खरं सांगा. उमेदवार खुर्चीत टेकेपर्यंत आपलं मत झालेलं असतं, पुढचा अर्धा तास ते खरं करून घेण्यात जातो. आवडला तर 'टीम सांभाळायची सवय असेलच?' नाही आवडला तर 'मधलं वर्ष रिकामं का?' यालाच कन्फर्मेशन बायस म्हणतात. 1994 साली एका अभ्यासात मुलाखतींची रेकॉर्डिंग तपासली होती. अर्ज बघूनच मत चांगलं झालेलं असलं की घेणारे माहिती कमी विचारायचे आणि कंपनीचं कौतुकच जास्त सांगत बसायचे! माझं मत: मोकळ्या गप्पांची मुलाखत बंद करा. सगळ्यांना तेच प्रश्न, आणि प्रत्येक उत्तराला तिथल्या तिथे गुण.

भोसरीकर:
पॅनेल-बिनेल मोठ्या कंपन्यांत. माझं छोटं वर्कशॉप. पोरगा दारातून आत आला की चालण्यावरून कळतं. घेतलेले बहुतेक टिकलेत.

टाचणी:
टिकलेले दिसतात हो. परत पाठवलेले शेजारच्या गाळ्यात काय करतायत, कधी विचारलंत? शिवाय आवडत्याने जॉब, म्हणजे मशीनवरचा नग, बिघडवला तर 'नवीन आहे, शिकेल', नावडत्याने बिघडवला तर 'मी म्हटलं नव्हतं?'

भोसरीकर:
सगळ्यांना तेच प्रश्न म्हणताय, दोन दिवसांत ते लेबर कॉन्ट्रॅक्टरकडे पोचतात आणि पोरं पाठ करून येतात. मी प्रश्नच विचारत नाही. ड्रॉइंग देतो, मायक्रोमीटर (बारीक मापाचं साधन) देतो, जॉब मापायला सांगतो. माप घ्यायच्या आधी मायक्रोमीटर झिरोवर आहे का ते तपासतो का, एवढंच बघतो. बोलघेवडे तिथेच गळतात.

निळी शाई:
मग चालण्यावरून कुठे घेता, कामावरूनच घेता की! फक्त ज्याची चाल आवडली नाही त्याच्या हातात मायक्रोमीटर जातो का, ते सांगा.
आणि चाल तर लांबची गोष्ट. सुखदेव थोरात आणि पॉल अटेवेल या अभ्यासकांनी इंग्रजी वर्तमानपत्रांतल्या नोकरीच्या जाहिरातींना सारख्याच पात्रतेचे अर्ज पाठवले, फक्त नावं बदलून. 2007 साली निष्कर्ष छापून आले: दलित आणि मुस्लिम नावांना पुढचं बोलावणं कमी. इथे खुर्चीत बसायचीही वेळ येत नाही.

जुना वाडा:
म्हणून मुलाखतच उडवायची? केंद्राने 1 जानेवारी 2016 पासून गट क, गट ड आणि अराजपत्रित गट ब पदांच्या मुलाखती बंद केल्या. तिथे वशिल्याचा प्रश्न होता, ठीक. पण रिसेप्शनला बसणाऱ्या मुलीचं बोलणं हेच काम आहे, ते लेखी परीक्षेत कसं कळणार?
अंदाजही अगदी टाकाऊ नसतो. मानसशास्त्रज्ञ डॅनियल कानेमान तरुणपणी इस्रायली सैन्यात मुलाखतींची पद्धत बसवत होता. उमेदवाराच्या सहा स्वभावगुणांना वेगवेगळे आकडे द्यायला लावले, तर मुलाखत घेणारे चिडले, 'आम्हाला यंत्र करताय'. मग त्याने सांगितलं, आकडे भरून झाले की डोळे मिटा आणि एकच अंदाज द्या. तो अंदाजही चांगलाच उपयोगी ठरला.

टाचणी:
आकडे भरून झाल्यावर! लोक डोळे आधी मिटतात, माझी तक्रार तीच आहे.

भोसरीकर:
बरं, शनिवारी एक पोरगा येतोय. मायक्रोमीटर आधी, चहा नंतर. पण त्याला मेव्हण्याने पाठवलंय, त्याचे गुण कुठल्या रकान्यात भरू?