टीव्हीवर पिनबॉल खेळताना फ्लिपर उशिरा उचलला जातो : मदत हवी आहे

नमस्कार. निन्टेन्डो स्विच या गेम कन्सोलवर ‘पिनबॉल एफएक्स ३’ हा पिनबॉलचा व्हिडिओ गेम खेळताना येणाऱ्या एका अडचणीबाबत जाणकारांचा सल्ला हवा आहे. त्यात विल्यम्सच्या १९९७ सालच्या ‘मिडिव्हल मॅडनेस’ या यंत्राची आवृत्ती आहे आणि तीच मी बहुतेक खेळतो. कन्सोल हातात धरून खेळताना चेंडू किल्ल्याच्या दारावर नेमका मारणे मला बऱ्यापैकी जमते. मात्र तोच कन्सोल डॉकमध्ये (टीव्हीला जोडायच्या स्टँडमध्ये) ठेवून टीव्हीला जोडला की बटण दाबल्यानंतर फ्लिपर (चेंडू वर टोलवणारी पाती) किंचित उशिरा उचलला जातो आणि तेवढ्यात चेंडू खाली निसटतो. (यंत्राला धक्का देऊन तो वाचवायला जावे, तर टिल्ट होऊन, म्हणजे जास्त धक्क्याची शिक्षा म्हणून, दोन्ही फ्लिपर बंद पडतात, ते वेगळेच.)

टीव्हीचा गेम मोड (चित्र दिसण्यातला उशीर कमी करणारी सेटिंग) सुरू केल्यावर फरक पडला, पण पुरेसा नाही. पडद्यावर सेकंदाला ६० चित्रे (फ्रेम) धरली तर एक चित्र सुमारे १७ मिलिसेकंदांचे होते, आणि दोन-तीन चित्रांचा उशीर इतर खेळांत खपून जात असला तरी पिनबॉलमध्ये तो चांगलाच नडतो. कंट्रोलर वायरने जोडल्यास हा उशीर जाणवण्याइतका कमी होतो का, की टीव्हीऐवजी संगणकाचा मॉनिटर वापरणेच योग्य ठरेल? ज्यांनी दोन्ही करून पाहिले आहे, त्यांनी कृपया आपला अनुभव सांगावा.