जुना बॉबकॅट घ्यायचाय, बजेट कमी, काय बघू?

भांडुपकर: मंडळी, डेब्रिज उचलायचं काम आहे, गल्ल्या अरुंद, जेसीबी वळतच नाही. कळंबोलीत एक जुना बॉबकॅट, म्हणजे स्किड स्टीअर (जागच्या जागी वळणारा छोटा लोडर) बघितलाय, मीटरवर ३,२०० तास. मालक म्हणतो एकदम कडक आहे. घेऊ का?

तळोजावाला: भाऊ, मीटर बदलता येतो, त्यावर जाऊ नका. पेडल, सीट किती झिजलंय ते बघा. मालकाला आधीच सांगा मशीन चालू करून ठेवू नको, गेल्यावर पहिला इंजिनला हात लावा, गरम असेल तर थंड स्टार्टिंगचा प्रॉब्लेम लपवतोय असं समजा. निळा धूर म्हणजे इंजिन ऑइल जाळतंय. मग बकेट भरून वर धरा, इंजिन बंद करा, आर्म भराभर खाली आला तर सिलेंडरचे सील नाहीतर वॉल्व गेलेत. आणि उचललेल्या आर्मखाली लॉक लावल्याशिवाय कुणाला जाऊ देऊ नका, प्लीज.

मेकॅनिक_कुर्ला: चेनकेसचं (चाकं फिरवणाऱ्या चेनच्या बंद डब्याचं) ऑइल काढून बघा, त्यात लोखंडाचा चुरा दिसला तर सोडून द्या. आर्मच्या सांध्यातल्या पिन-बुशचा प्ले (ढिलेपणा) चालतो, तो खर्च झेपतो. ड्राइव्ह मोटर आणि पंपाचा नाही झेपत.

भांडुपकर: थँक्स दादा. रविवारी सकाळी जातो.

तळोजावाला: मशीनवर मालकाचं लोन असेल तर फायनान्सवाल्याची एनओसी मागा, त्याशिवाय टोकन देऊ नका.