मायएसक्यूएल ५.७ वरून ८.० वर जाताना 'नदी' आणि 'नंदी' एकच कसे झाले?

तापीकाठ (रावेर):
नमस्कार. आमच्या तालुक्यातील केळी उत्पादकांच्या एका संस्थेचा डेटाबेस मी सांभाळतो. मायएसक्यूएल या डेटाबेस सॉफ्टवेअरच्या ५.७ आवृत्तीचा सपोर्ट ऑक्टोबर २०२३ मध्येच संपला असल्याने ८.० चा वेगळा सर्व्हर उभा केला आणि जुन्या सर्व्हरवरून मायएसक्यूएलडंपने काढलेली फाइल (सर्व टेबले आणि नोंदी मजकुरात उतरवलेला डंप) त्यावर चढवायला घेतली. 'शेते' या टेबलपाशी १०६२ क्रमांकाची, म्हणजे डुप्लिकेट एंट्रीची एरर येऊन काम थांबले. एका शेतकऱ्याच्या दोन जमिनी आहेत. एक 'नदीचे शेत' आणि दुसरे, महादेवाच्या देवळाला लागून असलेले, 'नंदीचे शेत'. शेतकरी क्रमांक आणि शेताचे नाव मिळून युनिक की आहे, म्हणजे तीच जोडी दोनदा नोंदवता येत नाही. जुन्या सर्व्हरवर ही दोन्ही नावे कित्येक वर्षे सुखाने नांदत होती. दोन्हीकडे कॅरेक्टर सेट (अक्षरे साठवण्याची पद्धत) यूटीएफ८एमबी४ हाच आहे, मग बदलले काय? युनिक की काढून टाकावी का? काढणीचा हंगाम असल्यामुळे मला एकच रात्र मिळणार आहे.

जुना_डीबीए (धुळे):
युनिक की काढू नका, तिचा काही दोष नाही. कॅरेक्टर सेट तोच राहिला असला तरी त्याचे डीफॉल्ट कोलेशन, म्हणजे अक्षरांची तुलना आणि क्रम ठरवणाऱ्या नियमांचा संच, बदलले आहे. ५.७ मध्ये ते 'जनरल सीआय' होते, ८.० मध्ये '०९०० एआय सीआय' आहे. कोलेशन डीफॉल्ट असेल तर ५.७ चा डंप त्याचे नाव लिहीतच नाही, 'चारसेट=यूटीएफ८एमबी४' एवढ्यावरच थांबतो, आणि नवा सर्व्हर ती गाळलेली जागा स्वतःच्या डीफॉल्टने भरतो. त्याच सर्व्हरवर जागच्या जागी अपग्रेड केले असते, तर जुन्या टेबलांचे कोलेशन बदलले नसते.

आता नंदीकडे वळू. 'एआय' म्हणजे अॅक्सेंट इन्सेन्सिटिव्ह, अक्षरावरच्या चिन्हांचा फरक न पाहणारे; 'सीआय' म्हणजे केस इन्सेन्सिटिव्ह, लहान-मोठ्या इंग्रजी अक्षरांत फरक न करणारे. युनिकोडच्या तुलनेच्या नियमांत अनुस्वाराला दुय्यम वजन आहे आणि एआय कोलेशन फक्त प्राथमिक वजन पाहते, म्हणून अनुस्वार तुलनेतून गळतो. 'वंदन' आणि 'वदन', 'रंग' आणि 'रग' यांचेही तेच होईल. इंग्रजी डेटावर चाचणी घेणाऱ्याला हे कधीच दिसत नाही, याचा मला जुना राग आहे.

माझे मत असे की अपग्रेड आणि कोलेशनबदल ही दोन कामे एकाच रात्री करू नयेत. डंपमध्ये ज्या क्रिएट टेबलच्या शेवटी कोलेशन लिहिलेले नाही, तेवढ्याच ठिकाणी जनरल सीआय स्पष्ट लिहा. सरसकट शोधून बदलल्यास आधीच कोलेशन लिहिलेल्या ओळीही बिघडतील. डेटाबेसचे डीफॉल्टही तेच ठेवा, नाहीतर पुढे तयार होणारी टेबले ०९०० ची होतील आणि त्यांना जुन्या टेबलांशी नावावरून जोडताना १२६७ क्रमांकाची, कोलेशनच्या मिश्रणाची एरर येईल.

हंगाम संपल्यावर हवे तर '०९०० एएस सीआय' वर जा ('एएस' म्हणजे अॅक्सेंट सेन्सिटिव्ह). त्यात अनुस्वार मोजला जातो. मात्र कन्व्हर्ट करताना टेबल नव्याने लिहिले जाते आणि तोवर त्यात नोंदी करता येत नाहीत, हे ध्यानात ठेवा.

भरीत_भाकरी (भुसावळ):
वरील उत्तरात एक भर. जनरल सीआय शेवटची मोकळी जागा दुर्लक्षिते, ०९०० ची कोलेशने ती मोजतात. आमच्याकडे कुणीतरी 'जामनेर' टाइप करून स्पेसबार दाबला होता. बदलानंतर त्या गावाच्या पावत्या अहवालातून गायब झाल्या आणि एरर मात्र एकही आली नाही. अशा नोंदी बदलाआधीच शोधा. तेव्हा नावाची ट्रिम केलेल्या (कडेच्या मोकळ्या जागा काढलेल्या) नावाशी तुलना करून उपयोग नाही, कारण जुने कोलेशन दोन्ही सारखेच मानते. दोन्हींची अक्षरसंख्या कॅर-लेंग्थ या फंक्शनने मोजून तुलना करा.

तापीकाठ (रावेर):
दोघांचेही आभार. डंपमधल्या एकोणीस टेबलांना हाताने कोलेशन लिहिले आणि रात्री दीडच्या सुमारास सर्व डेटा विनातक्रार चढला. मोकळ्या जागेच्या बेचाळीस नोंदी सापडल्या, त्यांतल्या बहुतेक 'सावदा ' अशा. आणखी एक शंका: आमच्या गावांच्या यादीत 'पळासखेडे' हे 'पहूर'च्या आधी येते. एएस सीआय घेतल्यावर 'ळ' आपल्या वर्णमालेप्रमाणे 'ह' नंतर जाईल का?

जुना_डीबीए (धुळे):
नाही. तिथेही 'ळ' हा 'ल' च्या पाठीलाच राहतो, आणि ८.० मध्ये मराठीसाठी वेगळे कोलेशन नाही. पोस्टग्रेएसक्यूएल या दुसऱ्या डेटाबेस सॉफ्टवेअरमध्ये आयसीयू या भाषाविषयक लायब्ररीचे मराठी कोलेशन मिळते, पण तेवढ्यासाठी घर बदलू नका. गावांच्या टेबलात अनुक्रमाचा एक वेगळा रकाना ठेवा आणि यादी त्यावरून लावा.