मदत हवी आहे: मुलीला धंद्याची आवड आहे, क्लास लावू का? (तातडीचे)

पेठेतली_ताई
माझ्या मुलीला लहानपणापासून धंद्याची आवड आहे. स्वतः वस्तू बनवते आणि विकते. परवा शाळेनं बोलावून घेतलं आणि हे सगळं बंद करा म्हणून सांगितलं. आपल्याकडं पोरांनी जरा वेगळं काही केलं की पाय ओढायला तयारच असतात. असो. लहान मुलांना उद्योजक करणारा एक ऑनलाइन क्लास आहे, तीन महिन्यांचा, १८,००० रुपये. रविवारनंतर २२,००० होणार. असा क्लास कुणी लावलाय का? उपयोग होतो का? कोल्हापुरात प्रत्यक्ष जाऊन करण्यासारखं काही आहे का? लवकर सांगा, रविवारी रात्री सवलतीची लिंक बंद होणार आहे.

हिशेबनीस
मुलीचं वय काय? काय बनवते? विकते कुणाला? शाळेनं नेमकं कशावर बोट ठेवलं? एवढं लिहा, मग बोलू.

नादखुळा_भावा
ताई पोरगीला अजिबात अडवू नका!! शाळेला काय कळतंय धंद्यातलं. इन्स्टावर पेज काढून द्या, रील टाका, महिन्यात ऑर्डरी आवरणार नाहीत. माझ्या मित्रानं असंच मिसळीच्या मसाल्याचं केलं, आज तीन माणसं कामाला आहेत.

हिशेबनीस
मित्राचं वय?

नादखुळा_भावा
३४. त्याचा काय संबंध?

जुना_मिस्त्री
क्लासबिस काय नको. मी सहावीत असताना वडील सुट्टीत उद्यमनगरला शेडवर, म्हणजे मशीनच्या कारखान्यात, घेऊन जायचे. पहिला महिना फक्त बुरादा (मशीनवर पडणारा लोखंडाचा भुगा) गोळा करायचा आणि चहा सांगायचा. दुसऱ्या महिन्यात माप घ्यायचा कॅलिपर हातात दिला. तिसऱ्या महिन्यात एक जॉब (करायला घेतलेला भाग) माझ्या हातनं बाद झाला, तर वडिलांनी त्याचे पैसे माझ्या खाऊच्या पैशातनं कापले. तेवढ्यात सगळा क्लास झाला बघा. पोरगीला कुणाच्यातरी शेडवर, दुकानात बसवा.

कायद्याचं_बोला
हे बालमजुरीत येतं. असले सल्ले उघड देऊ नका.

हिशेबनीस
सरसकट येत नाही. १९८६ च्या कायद्यात २०१६ ला दुरुस्ती झाली. चौदाच्या आतल्या मुलाला शाळा सुटल्यावर किंवा सुट्टीत घरच्या धंद्यात मदत करता येते, काम धोक्याचं नसलं आणि शिक्षणाच्या आड येत नसलं तर. आणि 'घरच्या' म्हणजे आई, वडील, भावंडं, शिवाय काका, आत्या, मामा, मावशी. लेथ मशीनवर मात्र आता कुणी पोराला उभं करू नये, मिस्त्री.

जुना_मिस्त्री
लेथवर कोण उभं करतंय, मी बुरादा म्हणालो.

पेठेतली_ताई
वय १३, आठवीत आहे. चामड्याच्या बारक्या कोल्हापुरी चपला करते, की-चेनला लावायच्या. माझ्या भावाचं चपलांचं दुकान आहे, तिथली कातरण आणते. चामडं कापायची रापी तिच्या हातात देत नाही, मामा कापून देतो, बाकीचं ती करते. अंगठा, वेणी, गोंडा सगळं असतंय हो, बोटाच्या दोन पेरांएवढी चप्पल! आता क्लासचं सांगाल का कुणी?

पायताण_प्रेमी
भावाचं दुकान चप्पल लाईनला आहे का? नऊ नंबरात कापशी (कोल्हापुरीचा एक प्रकार) मिळेल का? करकर वाजणारी पाहिजे. हल्ली सगळीकडं रेक्झिन देतात आणि कोल्हापुरी म्हणतात.

पुणे_व्हाया_कागल
आपल्या पायताणाला २०१९ ला जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन, मिळालाय, कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर आणि कर्नाटकातले चार जिल्हे. तरी २०२५ ला इटलीच्या प्राडा कंपनीनं मिलानमध्ये तसलीच चप्पल दाखवली आणि ओरड झाल्यावर मूळ कोल्हापुरीचं म्हणून मान्य केलं. मुलीला हे सांगा, ब्रँडिंगला उपयोगी पडेल. बाकी दिल्लीत २०१९ पासून सरकारी शाळांत नववी ते बारावीला उद्योजकतेचा तासच ठेवला होता, पुढं अकरावी-बारावीच्या मुलांना माणशी २,००० रुपये भांडवलही दिलं. आपल्याकडं असं काही व्हायला पाहिजे. शिवाय मुद्रा कर्जाचाही विचार करा.

हिशेबनीस
तेरा वर्षांच्या मुलीला मुद्रा कर्ज?

पुणे_व्हाया_कागल
आईच्या नावावर हो.

सातवी_ब_च्या_बाई
मी शिक्षिका आहे, कोल्हापुरात नाही. ताई, राग मानू नका. मुलं शाळेत राख्या विकतात, पेन विकतात, आम्ही बघून न बघितल्यासारखं करतो. पालकांना बोलावण्यापर्यंत गोष्ट गेली म्हणजे कुणाची तरी तक्रार आलेली असते. ती काय होती?

नादखुळा_भावा
आल्या मास्तरीण बाई शाळेची बाजू घ्यायला.

सातवी_ब_च्या_बाई
बाजू नाही घेतली, प्रश्न विचारला.

पेठेतली_ताई
तक्रार म्हणजे काय, गॅदरिंगच्या आधी वर्गातल्या आणि शेजारच्या तुकडीतल्या ३१ जणांनी ऑर्डर दिली. एक जोड ४० रुपये. अकरा दिल्या. वीस राहिल्या. गॅदरिंग होऊन पंधरा दिवस झाले. दोघातिघांच्या आया लगेच शाळेत गेल्या. चाळीस रुपयांसाठी! मुलगी तेव्हापासून गप्प आहे, डबा परत आणते. म्हणूनच म्हणते क्लास लावावा, आत्मविश्वास येईल.

हिशेबनीस
पैसे आधी घेतले होते का?

जुना_मिस्त्री
हां. आता जॉब कळला.
एक जोड करायला तिला किती वेळ लागतो?

पेठेतली_ताई
पाऊण तास नाही लागत, चाळीस मिनिटं. हो, पैसे आधीच घेतले होते.

जुना_मिस्त्री
वीस जोडांना ८०० मिनिटं. म्हणजे तेरा तास वीस मिनिटं. शाळा, गृहपाठ, जेवण सोडून रोज एक तास मिळाला तरी दोन आठवडे. ऑर्डर घेताना हे कुणी मांडलं नाही. आमच्या शेडवर मोठी माणसं हीच चूक करतात, गिऱ्हाईक दारात उभं राहिलं की 'देतो, देतो'. आणि चाळीस मिनिटांना चाळीस रुपये, त्यातनं माल वजा. मामाची कातरण फुकट, मामाची मजुरी फुकट. उद्या मामा नाही म्हणाला तर धंदा बंद. हे तिला रागवून नको, कागदावर मांडून दाखवा.

काठावरचा
मला मुळात एवढ्या लहान वयात पैशाच्या मागं लावणंच पटत नाही. बदल घडवणारी मुलं घडवायची तर समाजाचा प्रश्न हातात द्या. आम्ही मुलाला विसर्जनाला पंचगंगा घाटावर निर्माल्य गोळा करायला नेतो. पाच वर्षं झाली. अनोळखी माणसाला 'काका, हार इकडं द्या' म्हणायचं, चौघं ओरडतात, एक देतो. मूर्तिदानाच्या वेळी तर शिव्याही खातो. आता तो कुणाशीही बोलायला बिचकत नाही.

जुना_मिस्त्री
समाजसेवा चांगलीच, पण पोट भरल्यावर.

काठावरचा
हे बोलायचं गाव कोल्हापूर नव्हे. अस्पृश्य मानल्या गेलेल्या समाजातल्या गंगाराम कांबळ्यांनी हॉटेल काढलं, ते पोटासाठीच. पण त्यांच्या हातचा चहा गावातलं कोण पिणार, तर शाहू महाराज स्वतः तिथं जाऊन प्यायचे, बरोबरच्या मंडळींनाही पाजायचे. मग ते हॉटेल धंदा की समाजसुधारणा, तुम्हीच सांगा.

जुना_मिस्त्री
दोन्ही. पण चहा वेळेवर मिळत असणार, पैसे आधी घेऊन पंधरा दिवसांनी नव्हे.

कायद्याचं_बोला
भारतीय करार कायदा १८७२ प्रमाणे अज्ञानाशी, म्हणजे अठराच्या आतल्या मुलाशी, केलेला करार मुळातच रद्दबातल असतो. त्या आयांना करारावर बोट ठेवून तुमच्या मुलीवर दावा करता येणार नाही. निश्चिंत राहा.

सातवी_ब_च्या_बाई
अहो, तिला त्याच वर्गात उद्या बसायचंय. कायदा कुठं सांगताय.
ताई, एक विचारते. अकरा करून ती थांबली का? वेळ नव्हता, कंटाळा आला, की सामान संपलं?

पेठेतली_ताई
सामान संपलं. स्टीलच्या कड्या बाराच्या पाकिटात येतात, एक तुटली. नऊ जणांनी रोख दिले होते, ३६०. त्यातून तिनं भोकं पाडायचा पंच आणला, कड्या, डिंक, दोरा आणला, सगळे संपले.

हिशेबनीस
नऊ जणांचे ३६०. बाकीच्या २२ जणांचे ८८० कुठं गेले?

*(दुसऱ्या दिवशी)*

पायताण_प्रेमी
ताई, तेवढं नऊ नंबरचं?

पेठेतली_ताई
ते माझ्या फोनवर आले होते. तिचं खातं नाही, माझाच क्यूआर दिला होता. घरखर्चाचं तेच खातं. आले तसे गेले, दूध, भाजी, रिक्षा. तिनं कड्यांना पैसे मागितले होते दोनदा. मी म्हटलं पुढच्या आठवड्यात बघू, अभ्यास कर आधी. माझ्या लक्षातच आलं नाही की ते तिचेच आहेत. इथं लिहिताना लक्षात आलं.

नादखुळा_भावा
ताई १८,००० क्लासला आहेत आणि कड्यांना नव्हते व्हय?

सातवी_ब_च्या_बाई
भावा, तिनं स्वतःहून लिहिलंय, जाऊ दे.

हिशेबनीस
ताई, असं बऱ्याच घरांत होतं. दोन कामं करा. बँकेत जाऊन तिच्या नावानं खातं काढा. दहा वर्षांवरच्या मुलांना बचत खातं स्वतः चालवू द्यायला रिझर्व्ह बँकेची परवानगी आहे, किती रकमेपर्यंत आणि कार्ड द्यायचं का ते बँक ठरवते. दुसरं, वीस जणांना विचारायचं, चप्पल पाहिजे की पैसे परत. हे तिनं विचारायचं, तुम्ही नाही. तुम्ही फक्त ८८० आज तिच्या हातात ठेवायचे.

काठावरचा
आणि वर्गासमोर बोलायला घाबरत असेल तर बाईंना सांगून पाच मिनिटं मागून घ्या.

सातवी_ब_च्या_बाई
वर्गासमोर नको. एकेकाला भेटू दे, मधल्या सुट्टीत. तेराव्या वर्षी सगळ्या वर्गासमोर माफी म्हणजे वर्षभर टोपणनाव.

पुणे_व्हाया_कागल
एक राहिलं, ट्रेडमार्कचा अर्ज ऑनलाइन होतो. नाव ठरलंय का?

पेठेतली_ताई
कालच्या रविवारी बसलो दोघी. बाराजणांनी पैसे परत मागितले, आठजणी थांबायला तयार आहेत, त्यातली एक म्हणाली डावी-उजवी वेगळ्या रंगाची पाहिजे. ही तिला 'चालतंय' म्हणाली, दहा रुपये जास्त! शनिवारपर्यंत आठ होतील का म्हणून तिनंच गुणाकार केला आणि रोज दोनच्या वर घेणार नाही म्हणते. मामानं कातरणीचे पैसे घ्यायला नकार दिला, तर वहीत 'मामा – उधार' असं पान केलंय. क्लासची लिंक बंद झाली, मी बघितलंच नाही.
वहीच्या पहिल्या पानावर वरच लिहिलंय, 'आईकडून येणे ८८०'. पाचशे दिलेत, बाकीचे पगाराला. तिनं खाली सही घेतली माझी.

पायताण_प्रेमी
मामाच्या दुकानाचा पत्ता तरी सांगा हो.