धडधड: दोष नेहमी ॲड्रेनलीनचाच नसतो

बरेच जण म्हणतात की छातीत धडधड आणि हाताला कंप म्हणजे ताण, ताण म्हणजे ॲड्रेनलीन (हृदयाला पळवणारं हार्मोन), तेव्हा प्राणायाम करा. अर्धं पटलं. पण थायरॉईडचा, म्हणजे गळ्यातल्या ग्रंथीचा, विषय कुणीच काढत नाही. थायरॉईडचं हार्मोन जास्त झालं तरी रक्तातलं ॲड्रेनलीन बहुधा नेहमीइतकंच असतं; वाढते ती त्याला हृदयाची दाद. टी-३ या थायरॉईड हार्मोनमुळे हृदयाच्या पेशींवरचे बीटा रिसेप्टर (ॲड्रेनलीनचा निरोप घेणारे ग्राहक) वाढतात, शिवाय हृदयाची गती आवरणाऱ्या व्हेगस मज्जातंतूचा लगाम सैल पडतो. हाक तीच, ऐकणारे कान जास्त. रक्तवाहिन्याही सैलावतात, म्हणून वरचं बीपी चढतं आणि खालचं उतरतं.

आमची निपाणीची मावशी, जन्म विड्या वळण्यात गेला, वर्षभर ‘जिवाला लावून घेतलंय’ एवढंच ऐकत होती. खाणं दुप्पट, अंग मात्र वाळत चाललेलं. बेळगावला एका डॉक्टरांनी घरच्यांना साधंच काम सांगितलं: ती गाढ झोपली की नाडी मोजा. पहाटे ११०! नुसत्या काळजीची धडधड झोपेत बहुतेक ओसरते, ही नाही. टीएसएच (थायरॉईड जास्त झालं की रक्तात घटणारं हार्मोन) जवळपास शून्य निघालं. प्रोप्रॅनोलॉल या गोळीने दोन दिवसांत हाताचा कंप थांबला, कारण ती बीटा रिसेप्टरच अडवते. थायरॉईडचं हार्मोन खाली यायला मात्र ते बनणंच कमी करणाऱ्या कार्बिमाझोल या औषधावर दीड महिना गेला. (दमेकऱ्यांनी प्रोप्रॅनोलॉल आपल्या मनाने अजिबात घेऊ नये.)