मदत हवी आहे: गाडीचा जोर वजा करून चालक कसा मोजायचा?
नमस्कार मंडळी, मी रावेरचा. केळीचा ट्रक भरून झाला की रात्री भाचा नि मी २०२४ च्या फॉर्म्युला वन मोटार शर्यतींच्या हंगामातल्या दहा उत्तम चालकांची यादी वहीत लावतोय. पहिला व्हर्स्टॅपेन, त्यात वादच नाही. ब्राझीलला भर पावसात सतराव्या जागेवरून सुटून जिंकला हो! नॉरिस दुसरा.

अडलंय अलोन्सोपाशी. गाडी मागे पडलेली, गुण फक्त ७०. पण तशाच गाडीत त्याच्याच संघातला जोडीदार स्ट्रोलचे २४. भाचा अलोन्सोला नववा म्हणतो, मी पाचवा. तिथे खोडून खोडून कागद फाटायला आलाय. जोडीदाराशी तुलना पुरेशी आहे, की पात्रता फेरीतल्या (शर्यतीआधी सुटायची जागा ठरवणाऱ्या फेरीतल्या) वेळाही धरायच्या? जाणकारांनी कृपया सांगा, रविवारी यादी पक्की करायचीय.