न्यू जर्सीतल्या छोट्या स्कूल डिस्ट्रिक्टचं बजेट कसं वाचायचं? (हिअरिंग पुढच्या मंगळवारी, मदत हवी आहे)

मंडळी, थोडं लांबण लागणार आहे, आधीच सॉरी.

आम्ही सेंट्रल जर्सीत एका बारक्या टाऊनमध्ये राहतो. नाव देत नाही, इथे कोण काय बोललं ते दुसऱ्या दिवशी कॉफीच्या लायनीत कळतं. डिस्ट्रिक्ट म्हणजे केजी ते आठवीची एकच शाळा, चारशेच्या आसपास पोरं, आणि नववीपासून शेजारच्या टाऊनचं हायस्कूल. लेक चौथीत, धाकटा केजीत.

मार्चच्या बोर्ड मीटिंगला आयुष्यात पहिल्यांदा गेले. शाळेच्याच लायब्ररीत होती, बसायला पहिली-दुसरीच्या पोरांच्या खुर्च्या, गुडघे हनुवटीला लागत होते, समोर लांब टेबलामागे बोर्डाचे नऊ जण आणि प्रोजेक्टरवर एवढ्याशा अक्षरात आकडेच आकडे. पंधरा स्लाइड झाल्यावर मला एवढंच कळलं की पुढच्या वर्षी स्टेट एड (राज्याकडून शाळेला मिळणारे पैसे) कमी, कर्टसी बस (सक्ती नसताना जवळच्या पोरांना देतात ती) बंद, बँडचे सर अर्धवेळ, लायब्रेरियन रिटायर होतायत ती जागा भरणार नाहीत, आणि एवढं सगळं कापूनसुद्धा शाळेचा टॅक्स वाढणार! माझ्या मागे एक आजोबा होते ते मोठ्याने म्हणाले, दर वर्षीचं आहे हे, टॅक्स वर आणि शाळा खाली. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या आणि मग गाडीत बसल्यावर वाटलं की आपण नक्की कशाला टाळ्या वाजवल्या?

आई जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका होती. तिला फोनवर सांगितलं की इथे शाळा गावाच्या घरपट्टीवर चालते, तर तिला खरंच वाटेना. म्हणाली, मग गरीब गावांनी काय करायचं? आणि तुमचा शिक्षणाधिकारी कुठे असतो? मला एकाचंही उत्तर देता आलं नाही.

तर माझे प्रश्न. टॅक्स वाढतोय तरी कापाकापी का? हे ठरवतं कोण, बोर्ड की सुपरिटेंडंट (डिस्ट्रिक्टचा मुख्य अधिकारी) की ट्रेंटनवाले, म्हणजे राज्य सरकार? तिसरीचा गणिताचा निकाल ५८ टक्क्यांवरून ४७ वर आलाय (लेकीचीच बॅच), म्हणजे शाळा घसरली का, नवरा तर घर विकायच्या गोष्टी करायला लागलाय. आणि आम्ही अजून एच-वनवर आहोत, मतदान नाही, तर हिअरिंगला मी उठून बोलू शकते का?

---

हिशेबनीस:

शेवटच्या प्रश्नापासून सुरू करतो. बिनधास्त बोला. बोर्डाची प्रत्येक नियमित मीटिंग पब्लिक असते आणि त्यात लोकांसाठी वेळ ठेवावाच लागतो, बहुतेक ठिकाणी माणशी तीन मिनिटं. व्हिसा कोणी विचारत नाही. मत देता येत नाही हे खरं, पण घरपट्टी भरताच ना.

मी आमच्या टाऊनच्या बोर्डावर एक टर्म काढलीय, म्हणून आतून सांगतो. ते नऊ जण बिनपगारी असतात, तीन-तीन वर्षांसाठी निवडून आलेले, उभं राहायला थोड्याशा मतदारांच्या सह्या पुरतात आणि छोट्या टाऊनमध्ये बरेचदा तीन जागांना तीनच उमेदवार असतात. बोर्ड शाळा चालवत नाही. सुपरिटेंडंट नेमणं, पॉलिसी, युनियनशी करार आणि बजेट, एवढंच त्यांचं. नेमणुकांची शिफारस सुपरिटेंडंट करतो, बोर्ड मत देतं. आकडे सगळे बिझनेस ॲडमिनिस्ट्रेटरकडे, म्हणजे बीए. प्रश्न विचारायचे तर बोर्डाकडे बघून विचारा पण उत्तर बीए देणार. आणि तुमच्या आईंना सांगा, प्रत्येक काउंटीत राज्याचा एक एक्झिक्युटिव्ह काउंटी सुपरिटेंडंट असतो, बजेट त्याच्या टेबलावरून जातं, तोच शिक्षणाधिकारी समजा.

आता टॅक्स. २०१० च्या कायद्याने शाळेची एकूण टॅक्स लेव्ही, म्हणजे घरपट्टीतून गोळा करायची रक्कम, वर्षाला २ टक्क्यांपेक्षा जास्त वाढवता येत नाही, थोडे अपवाद सोडून. ऐकायला छान वाटतं. पण गणित करून बघा. समजा तुमचं बजेट ९० लाख डॉलर, त्यातले ६५ लाख घरपट्टीतून. २ टक्के म्हणजे १ लाख ३० हजार. समजा शिक्षकांच्या हेल्थ इन्शुरन्सला १२ लाख जातात आणि प्रीमियम १५ टक्क्यांनी वाढला, तर तिथेच १ लाख ८० हजार गेले. वाढीव पैसे संपले, वर ५० हजारांचा खड्डा, आणि अजून पगारवाढ, वीज, बस काही धरलंच नाहीये. त्यात स्टेट एड कमी झाली की झालंच. म्हणून आजोबा म्हणतात ते दिसायला बरोबर आहे, कारण मात्र कोणी पैसे खाल्ले असं नाही.

मोठ्या डिस्ट्रिक्टमध्ये असा खड्डा वीस शाळांवर पसरतो. तुमच्याकडे एकच बँडचे सर आहेत.

---

पाटीपेन्सिल:

मी इथल्याच एका शाळेत गणित शिकवते, त्यामुळे निकालाचं मी सांगते. तिसरीत पोरं किती होती?

---

धागाकर्ती:

३८ बहुतेक. दोन सेक्शन आहेत.

---

पाटीपेन्सिल:

मग ३८ मध्ये एक मूल म्हणजे जवळजवळ अडीच टक्के. ५८ चे ४७ म्हणजे चार पोरं. चार! एखाद्याला त्या दिवशी ताप असेल, एखादं जानेवारीत भारतातून आलेलं असेल. राज्याची एनजेएसएलए परीक्षा आहे ना, त्यात २०२५ पर्यंत ६५० ते ८५० स्केल आणि ७५० ला पास असं होतं, तर ७४८ वाला पोरगा आणि ६६० वाला पोरगा दोघंही "नापास" याच डब्यात जायचे. आणि मुख्य म्हणजे या दोन वेगळ्या बॅच आहेत, आधीची तिसरी आणि तुमच्या लेकीची तिसरी. तुलना करायची तर हीच बॅच चौथीत काय करते ते बघा. राज्याचा स्कूल परफॉर्मन्स रिपोर्ट वेबसाइटवर असतो, त्यात ग्रोथ, म्हणजे मुलं वर्षभरात किती पुढे गेली, ते बघा आणि क्रॉनिक ॲबसेन्टीझम बघा, म्हणजे १० टक्के किंवा जास्त दिवस गैरहजर असलेली मुलं. मला स्वतःला शाळेचा अंदाज गैरहजेरीवरून जास्त येतो. छोट्या शाळेत कितीतरी खाने रिकामे दिसतील, दहापेक्षा कमी मुलं असली की आकडा छापत नाहीत, त्यात काही लपवाछपवी नसते.

घर विकू नका हो चार पोरांसाठी :)

---

जर्सीचा जावई:

हिशेबनीस यांनी स्टेट एड एका वाक्यात गुंडाळली, खरी गोम तिथे आहे. आईंचा प्रश्न फार नेमका आहे, गरीब गावांनी काय करायचं. याच प्रश्नावर इथे ॲबट विरुद्ध बर्क नावाचा खटला दशकानुदशकं चालला, कारण न्यू जर्सीच्या राज्यघटनेत "थरो अँड इफिशियंट", म्हणजे परिपूर्ण आणि कार्यक्षम, शिक्षण द्यायची हमी आहे आणि न्यूअर्क, कॅम्डेनसारख्या शहरांची घरपट्टी त्याला पुरत नव्हती. १९९० मध्ये न्यू जर्सीच्या सुप्रीम कोर्टाने सांगितलं की गरीब शहरांचा खर्च श्रीमंत सबर्बच्या बरोबरीला आणा, पैसे राज्याने द्या. मग २००८ मध्ये एड वाटायचा एसएफआरए हा फॉर्म्युला आला. पोरं किती, त्यातली गरीब किती, इंग्रजी शिकणारी किती यावरून खर्च काढायचा, त्यातला तुमच्या गावाला झेपेल तेवढा वाटा वजा करायचा, उरलेलं राज्य देणार. तो झेपणारा वाटा निम्मा घरांच्या किमतीवर आणि निम्मा गावाच्या उत्पन्नावर ठरतो. म्हणजे घरांचे भाव चढले की आपण इकडे खूश, आणि ट्रेंटनला वाटतं गाव श्रीमंत झालं, कापा एड!

त्यात २०१८ ला तेव्हाचे गव्हर्नर मर्फी यांनी एस-टू कायद्यावर सही केली, ज्यांना फॉर्म्युल्यापेक्षा जास्त मिळत होतं त्यांची जादा एड सात वर्षांत काढून घेतली. इतकी ओरड झाली की २०२५-२६ साठी कपात ३ टक्क्यांच्या वर जाणार नाही आणि वाढ ६ टक्क्यांच्या वर नाही असं बांधून टाकलं. कोविडचे फेडरल पैसे सप्टेंबर २०२४ ला संपले ते वेगळंच, ज्यांनी त्या पैशातून कायमची माणसं घेतली ते आता रडतायत.

माझं स्पष्ट मत, एका शाळेसाठी वेगळा सुपरिटेंडंट आणि वेगळा बीए हीच चैन आहे. ५६४ टाऊन आणि सहाशेच्या जवळ डिस्ट्रिक्ट, हा काय प्रकार आहे? शेजारच्यात विलीन व्हा. २०२२ पासून राज्य त्याच्या अभ्यासाला ग्रँटसुद्धा देतं.

---

हिशेबनीस:

जावईबापू, आम्ही तो हिशेब करून बघितलाय. दोन साहेबांचे पगार वाचतात, पण दोन युनियनचे पगारतक्ते एकत्र करताना ते जास्तवाल्या तक्त्याकडेच सरकतात, शाळेची इमारत आणि शिक्षक तेवढेच लागतात. शिवाय टॅक्स दोन टाऊनमध्ये कसा वाटायचा यावर जे भांडण होतं ते बघवत नाही, भाऊबंदकी परवडली. विषयांतर नको, ताईंना मंगळवारचं हवंय.

ताई, तीन मिनिटांत फार तर चार गोष्टी विचारा.

एक, बँक्ड कॅप आहे का? आधीच्या वर्षी २ टक्के पूर्ण वापरले नसतील तर उरलेली मुभा तीन वर्षांपर्यंत वापरता येते. आणि हेल्थ इन्शुरन्ससाठी कॅपच्या, म्हणजे त्या २ टक्क्यांच्या मर्यादेच्या, बाहेर सूट मिळते ती घेतली का? हे विचारताना लक्षात ठेवा, तुम्ही टॅक्स वाढवा म्हणताय, ते आजोबा टाळ्या वाजवणार नाहीत.

दोन, हायस्कूलची ट्यूशन. तुमची मुलं पाठवता म्हणून शेजारचं डिस्ट्रिक्ट दर मुलामागे बिल लावतं, आधी अंदाजी दराने आणि मग खरा खर्च कळला की मागाहून फरक वसूल करतात. बऱ्याच छोट्या डिस्ट्रिक्टचं बजेट या फरकानेच फाटतं. तुमची मुलं तिथल्या पटाच्या १० टक्के किंवा जास्त असतील तर त्यांच्या बोर्डावर तुमचा एक माणूस बसतो. तो कोण आहे, मीटिंगला जातो का?

तीन, सरप्लस. बजेटच्या २ टक्के किंवा अडीच लाख डॉलर, यात जे जास्त असेल तेवढंच शिल्लक ठेवता येतं. पण कॅपिटल रिझर्व्ह आणि मेंटेनन्स रिझर्व्ह, म्हणजे मोठ्या बांधकामासाठी आणि दुरुस्तीसाठी राखून ठेवलेले पैसे, वेगळे. त्यात किती आहेत?

चार, टाऊनमध्ये पायलट आहे का?

---

धागाकर्ती:

पायलट म्हणजे? स्टेशनजवळ नवीन अपार्टमेंटची बिल्डिंग झालीय, तिचा काही संबंध?

---

हिशेबनीस:

तिचाच तर संबंध :) टाऊन बिल्डरला घरपट्टी माफ करून त्याऐवजी ठरावीक रक्कम घेतं. लांब मुदतीच्या करारात त्यातले ९५ टक्के टाऊनला, ५ टक्के काउंटीला, आणि शाळेला द्यायची सक्तीच नाही. पोरं मात्र तुमच्या शाळेत येतात. पण हा निर्णय टाऊन कौन्सिलचा, स्कूल बोर्डाचा नव्हे.

---

पाटीपेन्सिल:

एक कळकळीची विनंती. बजेटमध्ये आउट-ऑफ-डिस्ट्रिक्ट प्लेसमेंट अशी ओळ दिसेल, म्हणजे विशेष गरजा असलेल्या मुलाला बाहेरच्या शाळेत पाठवतात तो खर्च, ट्यूशन आणि बस धरून एका मुलाचे लाखभर डॉलर होऊ शकतात. खासगी शाळा असेल तर ५५ हजारांच्या वरच्या खर्चाचा काही भाग राज्य परत देतं, पण पूर्ण कधीच येत नाही. चारशे पोरांच्या शाळेत ते मूल कुणाचं हे सगळ्यांना माहीत असतं. त्या ओळीवर माइकवर बोलू नका, त्याची आई समोर बसलेली असते.

---

धागाकर्ती (अपडेट):

झाली हिअरिंग. हात थरथरत होते, कागद वाचूनच दाखवला. बँक्ड कॅप शून्य, मागची तीन वर्षं पूर्ण वापरलीय. ट्यूशनचा फरक हेच मोठं कारण निघालं, दोन वर्षांपूर्वीचा हिशेब आत्ता आला, आणि हे कुठल्याच स्लाइडवर नव्हतं! बीए बाई जरा गोंधळल्या पण मग नीट समजावून सांगितलं. हायस्कूलच्या बोर्डावरची आमची सीट डिसेंबरपासून रिकामी आहे हे बोर्डातल्याच दोघांना माहीत नव्हतं. पायलटवर सगळे गप्प बसले. आजोबा नंतर पार्किंगमध्ये भेटले, म्हणाले चाळीस वर्षं राहतोय, हे ट्यूशनचं आज कळलं.

बँडचे सर अर्धवेळच राहिले. बजेट सात विरुद्ध दोन मतांनी पास झालं. आईला सगळं सांगितलं तर म्हणाली, आमच्याकडे निदान साहेबाला शिव्या देता यायच्या.

आता शेवटचा प्रश्न. बस गेली, कारण आठवीपर्यंत दोन मैलांच्या आत असाल तर डिस्ट्रिक्टवर बसची सक्ती नाही, आणि आम्ही दीड मैलावर. पैसे भरून सबस्क्रिप्शन बस देतायत पण सीट कमी. आमच्या रस्त्याला मधला पाऊण मैल फूटपाथच नाही, ट्रक जातात. हॅझर्डस रूट, म्हणजे धोकादायक रस्ता, म्हणून घोषित करून घ्यायचं असेल तर आधी बोर्डाकडे जायचं की टाऊन कौन्सिलकडे? कोणी केलंय का हे?